धार नाही, तर हात लावू नका

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात महिन्या-दीड महिन्याने धारवाला यायचा. सायकल स्टँडवर उभी करायची, पट्टा शाणेच्या चाकावर चढवायचा आणि सीटवर बसून पायडल मारायला लागायचं. "चाकू, सुरी, कात्री, विळीला धाऽऽर" अशी त्याची हाक ऐकली की वाड्यातल्या सगळ्या बायका आपापली हत्यारं घेऊन अंगणात यायच्या.

शेजारच्या काकू त्यांची जड विळी दोन्ही हातांनी उचलून आणायच्या. अम्मी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन सुऱ्या आणि अब्बांचा छुरा आणायची. काकू शुद्ध शाकाहारी. त्या धारवाल्याला सांगायच्या, "आधी माझी विळी कर रे बाबा, मग त्यांच्या सुऱ्या." धारवाला हसून आधी विळी हातात घ्यायचा. अम्मीही म्हणायची, "पहिला नंबर काकूंचाच." त्यात कोणाला काही वाटत नसे. चाक एकच होतं, दगड एकच होता आणि शेवटी दोघी मिळून अंगणातल्या लोखंडाच्या काळ्या पाण्यावर बादली ओतायच्या.

ज्या पेठेत हा वाडा होता, तिचं जुन्या नोंदींतलं नाव मुर्तजाबाद. आता तो वाडा नाही, तिथे इमारत आहे आणि धारवालाही येत नाही. मात्र चाकू-सुरीवाचून कोणाचंही स्वयंपाकघर चालत नाही. आपल्या घरांत तर बकरीद जवळ आली की सुरीचा विषय निघतोच. म्हणून या वेळी मला तिच्याविषयी लिहावंसं वाटलं. मला कोणती हत्यारं आवडतात, का आवडतात आणि त्यांच्याशी कसं वागावं, हे सांगावं म्हणते.

घडीचा नको, पक्का हवा

चाकू दोन जातींचे असतात. एक घडीचा, म्हणजे पातं मुठीत दुमडणारा. दुसरा पक्का, म्हणजे पातं मुठीत कायमचं बसवलेला. घडीचा चाकू खिशात किंवा प्रवासात ठीक. स्वयंपाकघरात मात्र पक्काच बरा. घडीच्या चाकूच्या सांध्यात चरबी, रक्त, मसाला अडकतो आणि धुतला तरी पूर्ण निघत नाही. जोर लावला की सांधा डुगडुगतो आणि पातं बोटांवर मिटण्याची भीती असते.

पक्का चाकू घेतानाही मुठीकडे नीट पाहावं. पात्याची लोखंडी शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली असेल, तर मुठीच्या कडेला लोखंडाची पट्टी आणि दोन-तीन रिव्हेट दिसतात. असा चाकू वर्षानुवर्षं टिकतो. शेपटी फक्त इंच-दीड इंच आत असेल, तर भोपळा कापताना पातं मुठीसकट हलायला लागतं. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेतल्या बोहरी आळीत चाकू घेताना चकाकी पाहण्याआधी मूठ उलटून पाहा.

विळी: हात मोकळे ठेवणारं पातं

माझ्या आवडीत पहिला नंबर विळीचा. कोकणात आणि गोव्याकडे तिला आदोळी म्हणतात. लाकडी पाटावर उभं, बाकदार पातं आणि त्याच्या टोकाला नारळ खवण्यासाठी दातेरी खवणी. पाट पायाने किंवा मांडीने दाबून बसायचं आणि भाजी दोन्ही हातांनी पात्याकडे न्यायची. पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. म्हणून मेथीची जुडी, कोबी किंवा मोठा मासा विळीवर जितका सहज कापता येतो, तितका ओट्यावरच्या सुरीने येत नाही. दोन्ही हात मोकळे असतात ना!

लहानपणी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि तिची मला अजून गंमत वाटते. अब्बांबरोबर मटणाच्या दुकानात गेलं की कसाईचाचा उंच ओट्यावर बसलेले असायचे. लांब सुरा पायाच्या बोटांत उभा धरलेला आणि दोन्ही हातांनी मटणाचा तुकडा त्या पात्यावर ओढून कापायचे. खिम्याआधीचे बारीक तुकडे तर ते असे झरझर करायचे की नजर ठरत नसे. घरी आल्यावर मी काकूंना म्हटलं, "काकू, कसाईचाचा तुमच्यासारखंच कापतात." काकू आधी दचकल्या, मग हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पातं स्थिर आणि हात मोकळे, हीच तर खरी युक्ती." ज्या दोन हातांची गाठ कधीच पडली नसती, त्यांची कामाची रीत एकच होती.

आता गुडघे धरतात, ओटे उंच झाले, म्हणून विळी माळ्यावर गेली. ओट्यावर बसणाऱ्या घडीच्या विळ्याही मिळतात, पण त्यांचं पातं हलकं असतं. घरात जुनी लोखंडी विळी असेल तर भंगारात देऊ नका. तिच्या पात्याचं लोखंड बहुधा आजच्या स्वस्त सुरीपेक्षा सरस निघेल.

सुरी आणि पोलाद

दुसरी आवड सुरीची. घरात सुऱ्यांचा ढीग नको, तीन पुरतात. तीन-चार इंच पात्याची लहान सुरी लसूण, मिरची आणि फळं सोलायला. सात-आठ इंचांची रुंद सुरी कांदा, भाजी आणि बिनहाडाच्या मटणाला. आणि दातेरी पात्याची एक पावाला.

पोलादही दोन प्रकारचं असतं. साध्या पोलादाच्या सुरीला धार लवकर लागते आणि बारीक लागते, पण ती गंजते. लिंबू, चिंच, कोकम लागलं की पातं काळं पडतं. अशी सुरी वापरून झाल्याबरोबर धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवावी लागते. स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण साडेदहा टक्के किंवा त्याहून जास्त क्रोमियम असतं, म्हणून ते सहजी गंजत नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड या सुऱ्या-चाकूंच्या शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली असं पोलाद तयार केलं. ते बंदुकीच्या नळ्यांवर काम करत होते, पण त्या पोलादाची खरी चलती झाली ती जेवणाच्या टेबलावर.

पोलादाच्या या गोष्टीत आपल्या दख्खनचाही वाटा मोठा आहे. दमिश्कच्या तलवारी जगात नावाजल्या गेल्या. त्या तऱ्हेच्या पात्यांसाठी लागणाऱ्या पोलादाच्या लाद्या दक्षिण हिंदुस्थानातून आणि तेलंगणाच्या भागातून जहाजांनी जात. बंद मुशीत लोखंड आणि कोळसा तापवून ते पोलाद बनवत. इंग्रज त्याला वूट्झ म्हणत. विजेच्या शोधांमुळे आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्यांचं नाव येतं, ते मायकेल फॅरेडे लोहाराचे पुत्र. त्यांनी जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर १८२० च्या सुमारास याच वूट्झचा अभ्यास केला. आपल्याकडच्या लोहाराने बनवलेली लादी लंडनच्या प्रयोगशाळेत पोचली होती, हे मुलांना जरूर सांगावं.

मराठीतला पोलाद हा शब्द फारसीतून आला. चाकूही फारसीच. सुरी आणि छुरी मात्र संस्कृत क्षुर या एकाच घरच्या लेकी. एक मराठीत नांदली, एक उर्दूत.

ती बकरीद

तिसरं हत्यार कुर्बानीचा छुरा. याला आवडीचं म्हणावं का, असा प्रश्न मला पडतो. पण ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त विचार करायला हवा, ते हेच.

मी आठवीत होते. बकरीदला आम्ही सातारा जिल्ह्यात अब्बांच्या गावी गेलो होतो. त्या वर्षी निघायच्या गडबडीत अब्बांचा छुरा पुण्यातच राहिला. भाईजानने बाजारातून एक नवा, चकचकीत छुरा आणला. कागदाच्या वेष्टनातून काढला तेव्हा आरशासारखा दिसत होता. कोणी धार पाहिली नाही. नवा आहे म्हणजे धार असणारच, असं सगळ्यांनी धरलं.

त्याला धार नव्हतीच. पहिल्या हाताला छुरा घसरला. बकरा तडफडला, धरणाऱ्यांचे हात सुटले. गावातले मुलाणीचाचा जवळच होते. ते धावत आले, आपली सुरी काढली आणि एका हातात काम पुरं केलं. हे सगळं अर्ध्या मिनिटाचं असेल, पण मला ते फार लांबलं. अब्बांनी त्या दिवशी मटणाला हात लावला नाही. रात्री एवढंच म्हणाले, "गलती बकरे की नईं थी, हमारी थी." आणि परत पुण्याला येताना भाईजानला म्हणाले, "छुरी को धार नईं, तो हाथ मत लगाओ." त्या दिवसापासून आमच्या घरात तो कायदाच झाला.

मुलाणीचाचांचं कामच ते होतं. गावगाड्यात मुलाण्याचा मान असे आणि जत्रेत-सणात मुसलमानेतर घरांतली माणसंही बकरं कापायला मुलाण्यालाच बोलावत. त्याच्या हाताला सफाई असते आणि सुरीला धार, हा त्याच्यावरचा विश्वास होता.

मोठी झाल्यावर मी हदीस वाचली आणि अब्बांच्या बोलण्याचं मूळ मला सापडलं. ह. शद्दाद बिन औस (रजि.) यांनी सांगितलेली, सहीह मुस्लिममधली ही हदीस आहे. तिचा आशय असा की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे चांगुलपणाने वागणं ठरवून दिलं आहे. जबीहा करायचा तर तोही नीट करावा, आपल्या पात्याला धार करून घ्यावी आणि जनावराला त्रासातून सोडवावं. म्हणजे आपल्याकडे धार ही सोयीची बाब नाही, ती रहम आहे. बोथट सुरी हा आळस असतो आणि त्या आळसाची किंमत मुकं जनावर मोजतं.

दुसऱ्या एका रिवायतीत येतं की एक माणूस जनावराला आडवं पाडून त्याच्या डोळ्यांसमोर सुरीला धार लावत होता. प्रेषित (स.) यांनी त्याला हटकलं आणि विचारलं की याला दोनदा मारायचं आहे का? म्हणून धार आधी लावायची, जनावरासमोर नाही. एका जनावरासमोर दुसरं जनावर कापायचं नाही.

या कामाच्या छुऱ्याची निवड सोपी आहे. पातं सरळ आणि मानेच्या रुंदीपेक्षा चांगलं लांब हवं, म्हणजे एका ओढीत काम होतं. टोक अणकुचीदार असण्याची गरज नाही, कारण इथे भोसकायचं नसतं. पात्यावर एकही खाच नको. यहुदी लोकांतही जबीह्याची सुरी कापण्याआधी नखावरून फिरवून खाच आहे का ते तपासतात, कारण खाच असलेलं पातं कापत नाही, फाडतं. हा छुरा हाड फोडायला, नारळ फोडायला, दोरी कापायला वापरायचा नाही. तो वर्षभर तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवायचा.

आणखी एक गोष्ट बहिणींसाठी. सुरीचं काम पुरुषांचं, असं आपण धरून चालतो. पण सहीह बुखारीत ह. कअब बिन मालिक (रजि.) यांच्या घरच्या एका दासीचा प्रसंग आहे. ती मदीनेतल्या सला डोंगरापाशी बकऱ्या चारत होती. एक बकरी मरायला टेकलेली दिसली. जवळ सुरी नव्हती. तिने दगड फोडला आणि त्याच्या धारेने तिला जबह केलं. घरच्यांना शंका आली, म्हणून प्रेषित (स.) यांना विचारलं. त्यांनी ते खायला परवानगी दिली. त्या बाईकडे चांगली सुरी नव्हती, पण काय करायचं याची समज आणि हाताची हिंमत होती. हा प्रसंग मी माझ्या मुलीला मुद्दाम सांगितला.

सत्तूर

हाडासाठी सत्तूर. रुंद, जाड, वजनदार पातं. हा कापत नाही, आपल्या वजनाने तोडतो. म्हणून त्याची धार सुरीइतकी बारीक करायची नसते. बारीक केली तर पहिल्याच नळीवर तिचे तुकडे पडतील. मनगटाने जोर लावण्यापेक्षा सत्तूर उचलून सरळ खाली येऊ द्यावा. खाली लाकडाचा जाड ओंडका हवा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर सत्तूर चालवणारे मी पाहिले आहेत. त्यात ओटा जातो, धार जाते आणि हाडाची कपची डोळ्यात जाण्याची भीती वेगळीच.

सत्तूर हा शब्द अरबी सातूरचाच भाऊ. काहिरातला कसाई आणि पुण्यातला कसाई एकमेकांची भाषा न कळता हे एक हत्यार नावाने मागू शकतील.

कलमतराश

आता स्वयंपाकघरातून थोडं शाळेकडे वळते, कारण माझं सगळ्यात लाडकं पातं तिथलं आहे. कलमतराश. नावातच काम आहे, कलम तासणारा. बोरूचं टोक तिरकं छाटायला आणि मधोमध बारीक चीर द्यायला खुशनवीस मंडळी हा लहान, पक्क्या पात्याचा चाकू वापरत. टोकाची रुंदी आणि तिरकेपणा यावर अक्षराचं वळण ठरतं. कलम नीट कापली नसेल तर उस्तादाचं नस्तालीकही बिघडतं.

आणि हे फक्त उर्दूचं नाही. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली. त्या वाड्यात आणि पुढे पेशव्यांच्या दफ्तरात बसणारे कारकून मोडी लिहायचे, तेही बोरूनेच. तो बोरू तासायलाही चाकूच लागायचा. म्हणजे या पेठांमध्ये तलवारींपेक्षा जास्त वेळा धार लागली असेल ती बोरूच्या चाकूला. आमच्या इतिहासाच्या तासाला तलवारीच्या गोष्टी पुष्कळ येतात, कलमतराशची एकही नाही.

दरवर्षी मी अप्पा बळवंत चौकातून बोरू आणते आणि आठवी-नववीच्या मुलांसमोर स्वतः तासून दाखवते. पात्याची दिशा नेहमी अंगापासून दूर. अंगठा पात्यासमोर नाही. घाई नाही. दहा मिनिटं वर्ग इतका शांत असतो की मला स्वतःलाच आश्चर्य वाटतं.

कोयता आणि आमची मुलं

अशाच एका तासाला, बोरू तासून झाल्यावर, मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, याच्यापेक्षा कोयता भारी." वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. पुण्यातल्या घरांना याचं कारण सांगायला नको. गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांत कोयता गँग हा शब्द रोजचा झाला. मोबाइलवर कोयता नाचवणारी पोरं दिसतात, पाहणारी पोरं त्यांना दाद देतात. त्यात सगळ्या समाजांची मुलं आहेत. एखाद्याने पंधरा सेकंदांचा व्हिडिओ टाकावा आणि दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्यात, असंही घडतं.

मी त्या मुलाला विचारलं, "कोयता कशाचा असतो, ठाऊक आहे?" त्याला ठाऊक नव्हतं. मग मी सांगितलं. कोयता ऊसतोड करणाऱ्यांचा. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं दर हंगामात साखर कारखान्यांच्या भागात जातात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या एका कोयत्यावर उचल घेतलेली असते, मुलाबाळांचं पोट असतं. बाई पहाटे अंधारात उठून फडात उभी राहते ती याच हत्याराच्या जोरावर. भारी तो कोयता आहे, रस्त्यावर नाचवलेला नाही.

कुरआनच्या सूरह हदीदमध्ये लोखंडाचा उल्लेख येतो. त्यात मोठा जोर आहे आणि माणसांसाठी फायदेही आहेत, असा त्या आयतीचा आशय. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. जोर तर लोखंडात आहेच. फायदा करून घ्यायचा की नुकसान, ते हातावर आहे. सहीह मुस्लिममध्ये अशीही हदीस आहे की आपल्या भावाकडे कोणी लोखंडाचं हत्यार रोखलं, तर फरिश्ते त्याच्यावर लानत करतात, मग तो सख्खा भाऊ का असेना. थट्टेत रोखलेल्या पात्यालाही इथे माफी नाही. व्हिडिओसाठी रोखलेल्याला कशी असेल?

घरातल्या वडीलधाऱ्यांनी कायद्याची बाजूही माहीत करून घ्यावी. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालच्या नियमांत तलवारी, खंजीर आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, विज्ञान आणि उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण स्वयंपाकाची सुरी कमरेला खोचून रस्त्यावर फिरलं, तर ती घरकामाची राहत नाही. सणावारांच्या दिवसांत पोलिसांचे मनाई आदेशही लागू असतात. बकरीदेला छुरा एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचा असेल, तर पातं जाड पुठ्ठ्यात बांधून, पिशवीत तळाशी ठेवून, मोठ्या माणसानेच न्यावा. नवा घेतला तर पावती जवळ ठेवावी. लहान मुलांच्या हाती छुरा देऊन त्यांना धार लावायला पाठवू नये.

धार कोणाकडे, धार कशी

आपल्या महाराष्ट्रातल्या मुसलमानांत शिकलगार आडनावाची पुष्कळ घरं आहेत. अरबीत सैकल म्हणजे घासून लखलखीत करणं. त्यावरून सैकलगर आणि त्याचा मराठीत झाला शिकलगार. हत्यारं साफ करणं, त्यांना पाणी आणि धार देणं हा त्यांचा पिढीजात हुन्नर. शिखांतही शिकलीगर आहेत. लढायांचा काळ सरल्यावर तलवारी घासणारे हात विळ्या, कोयते, कात्र्यांकडे वळले. आज त्यांच्यातली मुलं शिक्षक, इंजिनिअर, दुकानदार आहेत आणि ते चांगलंच आहे. पण ज्या घरात अजून शाणेचं चाक फिरतं, तिथे आपलं हत्यार जरूर न्यावं आणि चार पैसे कमी करायला घासाघीस करू नये. चाळीस-पन्नास रुपयांत तो आपल्याला नवी सुरी देतो, असं समजावं.

घरीही धार लावता येते. बाजारात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक भरड, एक बारीक. दगडाखाली ओला कपडा पसरावा, म्हणजे तो सरकत नाही. दगडावर पाणी टाकावं. सुरीची पाठ दगडापासून थोडी उचलावी, साधारण वीस अंशांचा कोन. काटकोनाचा अर्धा, म्हणजे पंचेचाळीस अंश, आणि त्याच्याही अर्ध्याहून किंचित कमी, असं डोळ्यांनी मोजावं. हा कोन न बदलता पातं मुळापासून टोकापर्यंत ओढावं. एका बाजूने बोटाला हलकीशी लोखंडी कड जाणवली की दुसरी बाजू घ्यावी. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने चार-पाच वेळा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहावा. सर्रकन कापला गेला तर धार झाली, फाटला तर अजून बाकी आहे. अंगठा धारेवरून लांबीत फिरवून कधीही तपासू नये.

बोथट सुरी सुरक्षित असते, हा मोठा गैरसमज आहे. बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो, टोमॅटोच्या सालीवरून ती घसरते आणि बोटात जाते. धारदार सुरी सांगाल तिथेच जाते. काचेच्या किंवा स्टीलच्या ताटावर कापलं की धार मरते, म्हणून लाकडी पाट वापरावा. सुरी कधीही फेसाच्या पाण्यात भांड्यांखाली बुडवून ठेवू नये. भांडी घासणाऱ्या बाईंचा हात त्यात जाणार असतो आणि तो हातही कोणाच्या तरी पोटासाठी राबतो.

सुरी देण्या-घेण्याचाही अदब आहे. उपसलेली, उघडी तलवार हातात देऊ नये, अशी हदीस आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोकं हाताने झाकून धरावीत, कोणाला इजा होऊ नये, अशीही शिकवण आहे. म्हणून घरात सुरी द्यायची तर मूठ समोरच्याकडे करून द्यावी, किंवा सरळ पाटावर ठेवावी आणि त्याने उचलावी. माझ्या घरात तीन वर्षांच्या भाचीलाही हे माहीत आहे. ती खेळण्यातला प्लास्टिकचा चाकूही मूठ पुढे करून देते.

आणि सुरी म्हटलं की फक्त कुर्बानीच आठवायला नको. सहीह बुखारीत एका सहाबींनी पाहिलेला साधा प्रसंग आहे. प्रेषित (स.) बकरीच्या खांद्याचं मांस सुरीने कापून खात होते. नमाजसाठी बोलावणं आलं. त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि उठून नमाज अदा केली. घरातली सुरी अशीच असावी. कामाला धारदार, आणि काम थांबलं की बाजूला ठेवलेली.

वाडा पाडायचा ठरला तेव्हा काकू मुलाकडे कोथरूडला गेल्या. जाताना विळी अम्मीकडे दिली. म्हणाल्या, "तिकडे खाली बसून कोण कापणार? तुम्ही वापराल." अम्मीनेही फार वर्षं वापरली नाही, तिचे गुडघेही थकले. आता ती विळी माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मी ती माळ्यावरून काढते, दगडावर घासते, तेल लावते आणि रमजानमध्ये फळं कापायला खाली बसते. मुलगी शेजारी बसून शिकते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "अम्मी, ही कोणाची?" मी म्हटलं, "काकूंची. पण हिला धार लावणारा आपल्या दोघींचा एकच होता."

येत्या बकरीदेला आठ दिवस बाकी असताना एवढं करा. छुरा बाहेर काढा, उजेडात धरून खाच पाहा, कागदावर धार पाहा. नसेल तर लावून घ्या. घरातल्या एका मुलाला आणि एका मुलीला जवळ बसवून हे का करायचं ते सांगा. अल्लाह आपली कुर्बानी कबूल करो आणि आपल्या हातून कोणत्याही जिवाला विनाकारण त्रास न होवो. आमीन.